सीटी अहवालात ‘दुहेरी आयव्हीसी’ आल्यास काय समजावे?

मूतखड्यासाठी केलेल्या साध्या सीटी स्कॅनमध्ये आपल्या २८ वर्षांच्या भावाला ‘दुहेरी आयव्हीसी’, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर एकाऐवजी दोन, असल्याचे आढळले. हा आजार आहे का आणि डाय (शिरा उठून दिसाव्यात म्हणून इंजेक्शनने दिले जाणारे द्रव्य) देऊन स्कॅन पुन्हा करावा का, असे आपण विचारले आहे. अनेक वर्षे सीटीचे अहवाल लिहीत आलो आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

हा आजार नाही, रचनेतला जन्मजात भेद आहे. गर्भावस्थेच्या साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात पोटाच्या मागच्या बाजूस शिरांच्या तीन जोड्या असतात. त्यांचे काही भाग विरून जातात आणि उरलेले जुळून उजवीकडे एकच अधो महाशिरा, म्हणजे आयव्हीसी, तयार होते. डावीकडचा विरायचा भाग टिकून राहिला, की मूत्रपिंडांच्या खाली दोन महाशिरा दिसतात.

स्क्रीनवर महाधमनीच्या डावीकडे एक गोल ठिपका दिसतो आणि डाय नसेल तर तो वाढलेल्या लसिका ग्रंथीसारखाच (लिम्फ नोडच्या गाठीसारखाच) भासतो. एकेक स्लाइस वर सरकवत गेले की गाठ थोड्याच अंतरात संपते. हा ठिपका मात्र संपत नाही, तो डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला मिळतो आणि तिथून बहुधा महाधमनीच्या पुढून उजवीकडे जातो. खाली उतरत गेल्यास तो डाव्या पायाकडून येणाऱ्या शिरेशी जोडलेला सापडतो. ही दोन्ही टोके ज्या अहवालात नोंदवलेली असतात, त्याच अहवालावर मी निर्धास्तपणे विसंबतो.

ती नोंद असेल तर केवळ खात्रीसाठी पुन्हा किरणोत्सर्ग घेऊ नये. शंका उरलीच तर डायचा स्कॅन करावा, पण त्यात वेळ नीट साधावी लागते. मूत्रपिंडांतून डाय लवकर परत येतो, पायांकडून उशिरा. त्यामुळे इंजेक्शननंतर ६०-७० सेकंदांनी घेतलेल्या चित्रांत डायचे आणि बिनडायचे रक्त मिसळताना महाशिरेत गुठळीसारखी काळी छटा उमटते. थोड्या उशिराच्या चित्रांत खरी गुठळी असेल तर ती टिकते, ही छटा नाहीशी होते.

मूतखड्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत या भेदाने सहसा अडचण येत नाही. पुढे कधी पायातील शिरेत गुठळी होऊन महाशिरेत फिल्टर (गुठळी अडवणारी बारीक जाळी) बसवायची वेळ आली, तर मात्र ही माहिती जिवाच्या मोलाची ठरते, कारण फक्त उजव्या महाशिरेत खाली फिल्टर बसवला तर डाव्या पायातील गुठळीला फुफ्फुसापर्यंतची वाट मोकळीच राहते. मूत्रपिंडदान किंवा पोटाच्या मागच्या भागातील मोठी शस्त्रक्रिया ठरली, तरी शल्यचिकित्सकांना हे आधी सांगावे आणि अहवालासोबत स्कॅनची सीडीही दाखवावी.