कोरोनाच्या काळात रोजच्या सवयींचा मनःस्वास्थ्याशी खरोखर संबंध होता का?

झोप, व्यायाम, जेवणाच्या वेळा यांचा त्या काळात आपल्या स्वास्थ्याशी खरोखर संबंध होता, की घरात अडकलेल्यांच्या समाधानासाठी तसे सांगितले जात होते, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. परंतु पुण्यात दोन खोल्यांच्या घरात आईवडिलांसह राहून आणि तिथूनच कार्यालयाचे काम करून जे अनुभवले, त्यावरून संबंध होता असेच म्हणेन. मात्र जसा सांगितला जात होता तसा नव्हता.

25 मार्च 2020 रोजी, नेमक्या गुढीपाडव्याला, देशभर टाळेबंदी सुरू झाली. बस गाठायची नसल्याने माझे उठणे सातवरून साडेनऊवर गेले आणि अंथरुणातून थेट लॅपटॉपसमोर बसणे सुरू झाले. आठवडाभर ती चैन वाटली. मे महिना येईपर्यंत रात्री दोन वाजले तरी डोळा लागेना आणि दिवसभर विनाकारण चिडचिड होऊ लागली. शरीराचे घड्याळ मुख्यतः उजेडावर चालते. सकाळचा प्रकाश डोळ्यांत गेला की मेंदूला दिवस उगवल्याची खूण पटते, आणि रात्री मेलाटोनिन हे झोपेची वेळ झाल्याचे सांगणारे संप्रेरक कधी स्रवायचे हेही बऱ्याच अंशी त्यावरूनच ठरते. उशिरा उठून पडदे ओढलेल्या खोलीत बसायचे आणि मध्यरात्रीपर्यंत मोबाइलवर रुग्णसंख्येचे आकडे पाहत राहायचे, म्हणजे ते घड्याळ सकाळी आणि रात्री असे दोन्ही वेळा बिघडवणेच होते.

वडिलांचे दुखणे वेगळे होते. त्यांना मधुमेह आहे आणि पहाटे हनुमान टेकडीवर जाण्याचा त्यांचा नेम अनेक वर्षांचा होता. टेकडी बंद झाली, सोसायटीने गच्चीलाही कुलूप लावले, आणि साखर वाढली. जूनच्या आरंभी राज्य शासनाने ‘मिशन बिगिन अगेन’ या टाळेबंदी टप्प्याटप्प्याने सैल करण्याच्या मोहिमेत सकाळी 5 ते सायंकाळी 7 या वेळेत मोकळ्यावर फिरण्यास परवानगी दिली, तेव्हा ते तोंडाला मास्क लावून, टेकडीवरच्या दोन जुन्या सोबत्यांपासून अंतर राखत पुन्हा फिरू लागले. साखर ताळ्यावर यायला दिवाळी उजाडली. चेहरा मात्र आठवड्यातच बदलला. चालण्याइतकीच त्यांना त्या दोघांची उणीव भासत होती, हे आमच्या उशिरा लक्षात आले.

काढ्याविषयीही लिहायला हवे. तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ आणि मनुका यांचा काढा प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घेण्याचा सल्ला आयुष मंत्रालयाने दिला होता आणि आम्हीही तो भक्तिभावाने घेतला. (आई त्यात इतका गूळ घालत असे की वडिलांच्या वाढलेल्या साखरेत त्याचाही वाटा असावा.) स्थूलता आणि अनियंत्रित मधुमेह असलेल्यांना हा आजार गंभीर होण्याचा धोका अधिक होता, हे खरे, पण हे दोष कमी करणाऱ्या सवयी वर्षानुवर्षे पाळाव्या लागतात, पंधरा दिवसांत त्यांचे चिलखत होत नाही.

फिरणारे लोक अधिक आनंदी होते, असे निष्कर्ष त्या काळात पुष्कळ वाचनात आले. अशी बरीचशी पाहणी लोकांकडून एकदाच ऑनलाइन प्रश्नावली भरून घेऊन झाली होती. तेवढ्यावरून फिरल्यामुळे मन प्रसन्न राहिले, की ज्यांचे मन प्रसन्न होते तेच घराबाहेर पडले, हे सांगता येत नाही. शिवाय नियमित दिनचर्येसाठी नियमित पगार आणि हक्काचा एक कोपरा लागतो. शेकडो किलोमीटर पायी गावाकडे निघालेल्या मजुराला योगासनांचे फायदे ऐकवणे ही थट्टाच झाली असती.

झोपेची घडी तेव्हापासून बसलेलीच नाही, असेही आपण लिहिले आहे. मला उपयोग झाला तो झोपण्याच्या नव्हे, उठण्याच्या वेळेचा: रात्र कशीही गेली तरी साडेसहाला उठायचे, सुटीच्या दिवशीही, आणि पहिला चहा खिडकीत उभे राहून घ्यायचा. तीन आठवड्यांनी रात्रीची झोप हळूहळू अलीकडे सरकली. आपल्या बाबतीत मात्र झोपेबरोबर उदासीही दोन आठवड्यांहून अधिक टिकून असेल, तर सवयींचे प्रयोग करत न बसता डॉक्टरांना भेटावे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर समुपदेशकाशी विनामूल्य बोलता येते.