पहिलं मेडल घेण्याआधी

जुनी सैनिकी मेडलं जमवण्याच्या छंदात आलात, फार बरं वाटलं. मेडल हातात आलं की समोरचं चित्र सोडा, आधी कड बघा. पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायाच्या ब्रिटिश वॉर मेडलवर तिथेच त्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट कोरलेली असते. त्या सैनिकाचा शोध तिथूनच सुरू होतो. भिंग लावा. जुनं नाव घासून नवं घातलं असेल, तर कड पातळ झालेली असते आणि अक्षरांचं वळण वेगळं दिसतं. असं मेडल सुरुवातीला नकोच.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- पॉलिशने घासणं. झिजलेली अक्षरं परत येत नाहीत, हे मी स्वतः एक मेडल घालवून शिकलो.
- एकाच सैनिकाच्या मेडलांचा संच फोडणं. कृपा करून हे कधीच करू नका.
- नुसतं नाव जुळलं की तोच माणूस धरणं. नंबर आणि रेजिमेंटही जुळवा.

सर्व्हिस रेकॉर्ड, म्हणजे सैनिकाच्या नोकरीची कागदपत्रं, सापडलं नाही तर खचू नका. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमध्ये लागलेल्या आगीत पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायांची निम्म्याहून जास्त कागदपत्रं जळाली. मेडल इंडेक्स कार्डं, म्हणजे कुणाला कोणती मेडलं मिळायची याची नोंद असलेली कार्डं, मात्र वाचली. आधी तीच उघडा.