लांबलचक ॲनिमेमध्ये नायकाला किती झुकतं माप द्यावं?

तुम्ही विचारलंय की 'वन पीस' ही समुद्री चाच्यांची ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) चारशे भाग आवडीने पाहिली, पण ४०५व्या भागात नायक लुफीची टोळी पांगते आणि पुढे नुसता लुफीच लुफी. इतकी वर्षं चालणाऱ्या मालिकेने नायकाचे एवढे लाड करावेत का, उरलेल्यांनी काय घोडं मारलंय? (खाली कथानक फुटणार आहे. ज्यांची पाहायची राहिलीय त्यांनी इथूनच मागे फिरा.)

लाड मिनिटांत मोजले की हिशोब चुकतो, असं मला आता वाटतं. आधी मीही तेच करायचो. कॉलेजात असताना मावसभाऊ आणि मी एका वहीत नोंद ठेवायचो, कुठल्या लढाईत कोणी कोणाला लोळवलं. आर्लाँग पार्कचं, म्हणजे खलनायक आर्लाँगच्या अड्ड्यावरच्या लढाईचं पान अजून आठवतं: लुफीच्या टोळीतल्या झोरोने हाचीला, सांजीने कुरूबीला, उसोपने चूला, लुफीने आर्लाँगला. चौघांना चार, वाटणी चोख. टोळीतल्याच नामीच्या नावापुढे रेघ. आणि ती अख्खी कथा नामीचीच आहे!

नामीचं गाव आर्लाँगच्या टाचेखाली. दहा कोटी बेरी (तिथलं चलन) आण आणि गाव सोडव, असा सौदा. आठ वर्षं चोऱ्या करून ती नऊ कोटी तीस लाख जमवते आणि आर्लाँगला विकला गेलेला नौदलाचा कप्तान येऊन ते उचलून नेतो. ३७व्या भागात ती जमिनीवर बसून खांद्यावरच्या आर्लाँगच्या गोंदणावर सुरी खुपसत राहते. मागून लुफी येऊन तिचा हात धरतो. ती निघून जा म्हणते, त्याच्या अंगावर माती उडवते. तो जागचा हलत नाही. शेवटी ती मदत मागते, तेव्हा तो डोक्यावरची गवती टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवतो आणि आर्लाँगकडे चालू लागतो. जीव गेला तरी जी सोडणार नाही ती टोपी.

पण माझ्या मते खरी करामत त्याआधी झालेली असते. नामीची बहीण नोजिको सगळा इतिहास सांगायला बसते, तेव्हा लुफी ऐकतच नाही. मला तिच्या भूतकाळाशी काही देणंघेणं नाही म्हणतो आणि फेरफटका मारायला निघून जातो. झोरो झोपतो. ऐकतात ते सांजी आणि उसोप. म्हणजे ज्याच्या नावावर मालिका चाललीय त्याला हिची कहाणी ठाऊकच नाही, म्हणून ती कहाणी शेवटपर्यंत हिचीच राहते. आपल्याकडच्या रोजच्या मालिकेत हे झालं असतं तर नायकाच्या डबडबलेल्या डोळ्यांवर तीनदा ढँण ढँण करत कॅमेरा गेला असता आणि दुःख तिचं, पण रडण्याचा मान त्याचा, असं झालं असतं.

पुढे लुफी आर्लाँगलाच सांगतो की मला तलवार चालवता येत नाही, जहाजाची दिशा कळत नाही, स्वयंपाक येत नाही, खोटं बोलता येत नाही. झोरो, नामी, सांजी, उसोप. नायकाने स्वतःच्या उणिवांची यादी वाचली आणि त्यात चौघांची हजेरी लागली. मग तुला येतं तरी काय, असं आर्लाँग विचारतो, तर म्हणे तुला हरवता येतं. अशा वेळी शेवटचा ठोसा लुफीने मारला तर कोणाची हरकत असणार? त्यातही तो आधी मोडतो ती खोली, जिथे नामीला कोंडून नकाशे काढायला लावत. टेबलखुर्च्या भिंत फोडून बाहेर येतात आणि खाली उभी नामी बघत राहते.

आता 'नारुतो', ही निन्जांची ॲनिमे. त्यातली गारा विरुद्ध रॉक ली ही दोन पोरांची लढाई मी किती वेळा पाहिली असेन, देव जाणे. लीला जादूची एकही विद्या येत नाही, फक्त हातपाय. त्याचे गुरू गाय (नावावर हसून घ्या, आम्हीही महिनाभर हसलो) परवानगी देतात, तो पायाची वजनं सोडून खाली टाकतो आणि जमिनीवर धुरळ्याचे लोट उठतात. हरतो, हातपाय चिरडले जातात, तरी बेशुद्धावस्थेत उभा राहतो. मेहनत विरुद्ध जन्मजात देणगी हा मालिकेचा मुद्दा त्या पोराने पाठीवर वाहिला. पुढे काय झालं? नायक नारुतो चौथ्या होकागेचा (गावच्या प्रमुख निन्जाचा) मुलगा निघाला, वर अशुरा नावाच्या प्राचीन योद्ध्याचा पुनर्जन्मही. ली महायुद्धात गर्दीतला एक. लीचा साथीदार असलेल्या ज्या नेजीला नारुतोने 'नशीब बदलता येतं' म्हणून हरवलं होतं, तो नेजी नारुतो आणि हिनाताला वाचवताना मेला. याला मी नायकाचे फाजील लाड म्हणतो, कारण इथे नायकाने दुसऱ्यांचा वेळ नाही, मुद्दाच पळवला.

आणि वेळेचं म्हणाल तर लीच्या मंडळींना तो भरपूर मिळाला होता! पहिल्या 'नारुतो'चे भाग २२०. त्यातले १३६व्यापासूनचे जवळपास सगळे भरतीचे (मूळ कथेत नसलेले), कारण ॲनिमे मांगाच्या, म्हणजे मूळ चित्रकथेच्या, फार जवळ येऊन ठेपली होती. त्यात किती जणांना स्वतःच्या मोहिमा मिळाल्या, पण मांगा पुढे सरकल्याशिवाय त्यांच्या आयुष्यात काही घडवायची सोय नव्हती. जातात, लढतात, परत येतात, जैसे थे. असाच फुकटचा वेळ म्हणजे अवाक झालेले चेहरे. दर आठवड्याला भाग द्यायचा, मांगाचं प्रकरण तर तेवढंच, मग नायकाने एक ठोसा मारला की बारा जणांचे वासलेले आ एकेक करून दाखवायचे. पडद्यावर आहेत, पण प्रेक्षकांच्या बाकावर.

'वन पीस'ही यातून सुटलेली नाही. ड्रेसरोझा देशातल्या कथेला ११८ भाग लागले आणि निम्मी टोळी मध्येच दुसरीकडे पाठवून दिली. पुढच्या वानो देशातल्या एवढ्या धुमश्चक्रीत उसोपच्या हातून निर्णायक असं काही झालंच नाही, हे मला अजून खुपतं. हाच उसोप आर्लाँग पार्कात केचप फासून मेल्याचं सोंग करतो, मग स्वतःचीच लाज वाटून उठतो आणि चूला हाक मारतो. तेव्हा त्याला लुफीची गरज नव्हती.

तुमच्या ४०५ ते ५१७ बद्दल: वगळू नका. भावाला वाचवायला लुफी एकटा जातो आणि वाचवू शकत नाही. नायकावर इतका वेळ घालवून त्याला हरवलंय, हे विसरू नका. त्यानंतर वर्तमानपत्रात त्याचा फोटो छापून येतो, दंडावर '३डी' खोडलेलं, खाली '२वाय'. तीन दिवसांनी नाही, दोन वर्षांनी भेटू. हे फक्त टोळीतल्यांनाच कळतं, आणि जो तो आपापल्या बेटावर, कोणाला न विचारता, काय शिकायचं ते ठरवतो. झोरोचा प्रसंग तर नीट बघा. ज्या तलवारबाज मिहॉकला हरवणं हेच त्याच्या आयुष्याचं ध्येय, त्याच्यापुढे तो गुडघे टेकतो, डोकं जमिनीला लावतो आणि मला शिकव म्हणतो. लुफी तिथे नाही.