पहिली इमेज घेतलीत, आता ती सांभाळा

पीसीच्या डिस्कची पहिली इमेज (विंडोज, प्रोग्रॅम, फाइली सगळ्यासकट हुबेहूब प्रत) घेतलीत, छान! पण ती त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर असेल तर तो बॅकअप नव्हे. सी आणि डी ही एकाच डिस्कची पार्टिशनं, म्हणजे तिचेच पाडलेले भाग. डिस्क गेली की दोन्ही जातात.

बाहेरची यूएसबी डिस्क घ्या, एनटीएफएस या विंडोजच्या फाइल-रचनेत फॉरमॅट करा (फॅट३२ या जुन्या रचनेत ४ जीबीची फाइलही बसत नाही). आणि काम झालं की इजेक्ट करून केबल काढाच. नवे लोक हमखास इथेच फसतात. डिस्क कायम लावलेली असते, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं की सी ड्राइव्हबरोबर इमेजही एन्क्रिप्ट करून मोकळं होतं.

सध्या एवढंच करा:
- इमेज झाली की व्हेरिफाय (इमेज धड आहे का याची तपासणी) चालवा.
- रेस्क्यू पेनड्राइव्ह (विंडोज सुरू झालं नाही तरी पीसी सुरू करून इमेज परत बसवणारा) आजच बनवा. त्यावरून एकदा पीसी बूट करून आत इमेज दिसते का, तेही पाहा.
- इमेजला पासवर्ड दिलात तर वहीत लिहा. विसरलात तर इमेज असून नसल्यासारखी.

दुसरी प्रत दुसऱ्या घरी, तीही वरच्या मजल्यावर. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात कुठवर शिरलं होतं, ते काय सांगायचं! इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या भागाचा बॅकअप), नॅस (नेटवर्कवरची डिस्क) वगैरे नंतर बघू. तूर्त महिन्याला एक पूर्ण इमेज पुरे.