बिबट्या, बुरशी की जिवाणू?

प्रश्न : माझी मुलगी एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय मायक्रोबायॉलॉजी. तिला ‘पॉप्युलेशन बायॉलॉजी’त संशोधन करायचे आहे, पण कधी ती बिबट्यांविषयी बोलते, कधी बुरशीविषयी, तर कधी जिवाणूंविषयी. अशा धरसोडीने पुढे निभाव कसा लागणार? आणि यात पोटापाण्याचे काय?
– एक पालक, बोरिवली

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपली काळजी रास्त आहे, परंतु मुलीच्या बोलण्यात मला धरसोड दिसत नाही. एखाद्या जातीच्या जीवांची संख्या का वाढते वा घटते, ते कुठून कुठे पसरतात आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांची जनुके कशी बदलत जातात, हे या शास्त्राचे प्रश्न आहेत आणि ते तिन्ही ठिकाणी लागू पडतात.

आपल्या घराजवळचेच पाहा. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबटे मोजताना पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, कारण बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरील ठिपक्यांची नक्षी सारखी नसते आणि एकाच बाजूचे फोटो मिळाले तर एकच बिबट्या दोनदा मोजला जाऊ शकतो. तरीही सगळे बिबटे कॅमेऱ्यात सापडत नाहीत. समजा, पहिल्या फेरीत २० बिबटे ओळखले, दुसऱ्या फेरीतही २० दिसले आणि त्यांतले १० आधीचेच निघाले, तर एकूण संख्या ४०च्या आसपास असावी, असा अंदाज निघतो. प्रत्यक्षातील गणित याहून बरेच अवघड असते, पण मुळाशी हाच विचार आहे.

बुरशीच्या बाबतीत मात्र ‘एक जीव’ कशाला म्हणायचे, इथपासूनच अडचण सुरू होते. अमेरिकेतील ओरेगन राज्यात आर्मिलेरिया बुरशीचा एकच जीव जमिनीखाली नऊ चौरस किलोमीटरहून अधिक पसरलेला आहे, आणि ठिकठिकाणचे नमुने एकमेकांशी ताडून पाहिल्यावाचून ते कळले नसते. याच विद्येचा शेतीला किती उपयोग आहे, हे २०१६ साली दिसले : बांगलादेशात गव्हावर अचानक ‘ब्लास्ट’ रोग पडला, तेव्हा रोगट पानांतील बुरशीचा जनुकसंच वाचून तिचे मूळ दक्षिण अमेरिकेतील गव्हावरील बुरशीत असल्याचे संशोधकांनी काही महिन्यांतच शोधून काढले. जिवाणूंचा फायदा असा की उत्क्रांती डोळ्यांदेखत पाहता येते. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये ई. कोलाय या जिवाणूच्या १२ वसाहतींवर सुरू केलेल्या प्रयोगात तीस हजारांहून अधिक पिढ्यांनंतर एका वसाहतीला हवेच्या सान्निध्यात सायट्रेट या रसायनावर जगण्याची क्षमता आली.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की बिबट्या, बुरशी की जिवाणू हे निवडण्याची सक्ती तिच्यावर आत्ता करू नका. ती निवड एम.एस्सी.च्या प्रकल्पापर्यंत थांबू शकते. थांबू शकत नाही ते गणित. जीवशास्त्राची आपली बरीच मुले बारावीनंतर गणिताला रामराम ठोकतात आणि पुढे संशोधनात नेमकी तिथेच अडतात. संभाव्यता, संख्याशास्त्र आणि ‘आर’ ही विनामूल्य संगणकप्रणाली तिने टी.वाय. संपण्याआधी हाताखालून घालावी. मायक्रोबायॉलॉजीमुळे प्रयोगशाळेचा हात तिला मिळतोच आहे. तिन्ही राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपसाठीही तिने पात्रता पाहून अर्ज करावा. दोन महिने एखाद्या संशोधकाच्या हाताखाली काम केल्यावर ही वाट झेपेल की नाही, हे तिचे तिलाच समजेल.

पुढच्या शिक्षणासाठी बंगळुरूचे एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) अवश्य विचारात घ्या. आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरचेच (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचेच) ते केंद्र असून, ओडिशातील सिमिलीपालमधील गडद पट्ट्यांच्या वाघांमागे एका जनुकातील बदल आहे आणि लहान, एकाकी पडलेल्या वस्तीमुळे तो तिथे फोफावला, हे २०२१ मध्ये एनसीबीएसच्याच संशोधकांच्या पुढाकाराने उजेडात आले. एनसीबीएसमधील वन्यजीवशास्त्राच्या एम.एस्सी.चे प्रवेश एक वर्षाआड होतात, त्यामुळे वर्षाचा मेळ आधीच बघून ठेवावा लागतो. बुरशीकडे ओढा राहिला तर पुण्याची आघारकर संशोधन संस्था आहे. बुरशींचा राष्ट्रीय संग्रह तिथेच आहे. पीएच.डी.च्या दृष्टीने सीएसआयआर-यूजीसी नेट आणि गेट या परीक्षा महत्त्वाच्या असून, गेटमध्ये परिसंस्थाशास्त्र आणि उत्क्रांती असा स्वतंत्र पेपर आहे.

आता पैशांविषयी. नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाल्यास २०२३ पासूनच्या दरानुसार महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. मात्र एम.एस्सी.ची दोन आणि पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे धरली, तर कायम नोकरी तिशीच्या आसपास किंवा त्यानंतरच लागते, आणि प्राध्यापकाच्या जागा मोजक्याच असतात. ही गोष्ट तिच्यापासून लपवू नका आणि तिला घाबरवण्यासाठी वापरूही नका. जनुकीय माहितीचे विश्लेषण उत्तम येणाऱ्याला रोगनिदान, लसनिर्मिती आणि बियाणे कंपन्यांतही काम मिळते, म्हणूनच गणिताचा आग्रह मी इतक्या कळकळीने धरते आहे. तिची टी.वाय.ची विषयनिवड झाली की मला पुन्हा कळवा. कोणत्या परीक्षेची तयारी केव्हा सुरू करायची, ते त्यावरून ठरवू.