पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका

वाचकांचे प्रश्न : बेळगावहून उत्तरे

रोजच्या व्यवहारातल्या अडचणी लिहून पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली. आणि बऱ्याच पत्रांच्या शेवटी एकच वाक्य आहे : "आपण मराठी माणसं, इथं आपलं कोण ऐकणार?" या वाक्याशी माझं भांडण आहे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. माझा जन्म बेळगावच्या टिळकवाडीतला, त्यामुळं त्यातलं दुःख मला कुणी समजावून सांगायला नको. पण सिलिंडरचं वजन किंवा फ्रीजची वॉरंटी यांना त्या निकालाची वाट बघायचं कारण नाही. मी टपाल खात्यात काउंटरवर नोकरी केली. हातात पावती असलेल्या माणसाशी समोरचा साहेब वेगळ्या आवाजात बोलतो, हे तिथं रोज पाहिलं. म्हणून माझी उत्तरं बहुतेक वेळा कागदापाशीच येतात.

"गॅसवाला दर वेळी बिलापेक्षा ४० रुपये जादा घेतो. जिना चढवायचे पैसे म्हणूलालाय. नाही दिले तर पुढचा सिलिंडर उशिरा येतो. शिवाय हल्ली सिलिंडर लवकर संपूलालाय. वजन कमी असेल काय?"
— गृहिणी, वडगाव

ताई, बिलावर छापलेल्या किमतीत घरपोच आणून देण्याचा खर्च धरलेलाच असतो. दारात पोचवण्यासाठी वेगळे पैसे मागायचा कुणालाही हक्क नाही. उलट तुम्ही स्वतः जाऊन गोदामातून सिलिंडर उचललात, तर घरपोच सेवेची रक्कम किमतीतून वजा करून मिळते. हे एजन्सीच्या फलकावर लिहिलेलं असायला हवं. नसेल तर तीही तक्रारच.

आता वजनाचं. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचं वजन वरच्या कड्याला धरणाऱ्या पट्टीवर रंगवलेलं असतं आणि ते प्रत्येक टाकीचं वेगळं असतं. समजा तिथं १५.९ लिहिलंय. त्यात १४.२ मिळवा, भरलेली टाकी ३०.१ किलोच्या आसपास भरली पाहिजे. आणणाऱ्या माणसाकडं वजनकाटा असणं बंधनकारक आहे आणि ग्राहकानं म्हटलं की वजन करून दाखवणं हे त्याचं काम आहे. सील तोडायच्या आधी वजन करून घ्या, नंतर बोलून उपयोग नाही. त्याच पट्टीवर ए ते डी यांपैकी एक अक्षर आणि सालाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, अशी तिमाही. टाकीची पुढची तपासणी कधी व्हायला हवी, ते त्यावरून कळतं. ती मुदत उलटलेली टाकी घरात घेऊ नका. वजनापेक्षाही हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण हा जिवाशी खेळ आहे.

जादा पैशांची तक्रार १८०० २३३३ ५५५ या नंबरवर करा आणि तक्रार क्रमांक बिलाच्या मागं लिहून ठेवा. गॅस गळत असेल तर मात्र १९०६. हे दोन नंबर स्वयंपाकघरात भिंतीवर चिकटवा.

आणखी एक सांगते. आपल्या बोळांतून गाडी आत येत नाही, तो पोरगा टाकी खांद्यावर घेऊन तीन मजले चढतो. त्याला खुशीनं दहा-वीस रुपये द्यावेसे वाटले तर जरूर द्या, पाणी विचारा. पण त्याला पुरेसा पगार देणं एजन्सीचं काम आहे आणि तो पगार तुमच्याकडून परस्पर वसूल करणं चूक आहे. तक्रारीत त्या मुलाचं नाव घालू नका, एजन्सीचं घाला.

"दसऱ्याला कोल्हापुरातून फ्रीज घेतला. दोन महिन्यांत गार होणं बंद. दुकानदार म्हणतो, कंपनीशी बोला. कंपनी म्हणते, तुमच्या भागात आमचा माणूस नाही. केस करायची तर कोल्हापूरला या, असं दुकानदारानं ऐकवलं. आमच्या गावातून तिकडं हेलपाटे कसे परवडतील?"
— शाळाशिक्षक, खानापूर तालुका

सर, कोल्हापूरला जायची गरज नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम ३४ प्रमाणं ग्राहक जिथं राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. १९८६ च्या कायद्यात विकणाऱ्याचं गाव बघावं लागायचं. दुकानदार अजून त्याच जमान्यातलं सांगतोय, किंवा तुम्ही थकून गप्प बसावं म्हणून सांगतोय. तुमचं घर खानापूर तालुक्यात, म्हणजे तुमचा आयोग बेळगावचा. सीमेवरच्या माणसासाठी या कायद्यातली ही सगळ्यात मोठी सोय आहे आणि ती आपल्याकडं फारच थोड्यांना माहीत आहे. निम्मी बेळगावची लग्नाची खरेदी कोल्हापुरात होते!

आधी दुकानदार आणि कंपनी दोघांच्या नावे एक पत्र लिहा. बिलाची तारीख, काय बिघडलं, कधी कळवलं, कोण काय म्हणालं आणि तुम्हाला काय हवं आहे : दुरुस्ती, बदली की पैसे परत. पंधरा दिवसांची मुदत द्या. पोचपावतीसह स्पीड पोस्टनं पाठवा. बिल आणि वॉरंटी कार्डाच्या झेरॉक्स जोडा, मूळ प्रती कुणालाही देऊ नका. बरोबरीनं १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तिथं मराठीत बोलता येतं. बरीच प्रकरणं इथंच मिटतात, कारण कंपनीला वरून विचारणा होते.

नाहीच मिटलं तर आयोग. पाच लाखांपर्यंत दिलेल्या किमतीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि अर्ज ऑनलाइनही भरता येतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. "बघू, बोलतोय अजून" म्हणत ती घालवू नका.

"घरपट्टीची नोटीस नुसती कन्नडमध्ये आली. मला वाचता येत नाही, मुलगा पुण्यात. कपाटात ठेवली आणि एप्रिलची सूट बुडाली. मराठीत अर्ज लिहून नेला तर काउंटरवरच्या माणसानं हातही न लावता परत केला. मराठीत अर्ज द्यायचा आम्हाला हक्क आहे की नाही?"
— तंबाखूच्या वखारीतले निवृत्त दिवाणजी, निपाणी परिसर

आहे, काका. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की कुठल्याही तक्रारीच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडं निवेदन देता येतं. उत्तरही मराठीतच मिळेल, असं मात्र त्या कलमात लिहिलेलं नाही, म्हणून तेवढ्यावर अडून बसू नका. दुसरं, भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ साली ठरलेल्या संरक्षणांत असं आहे की ज्या भागात अशा भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त असतील, तिथं महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही निघावेत. आपल्या भागात मराठी माणसं किती आहेत, हे मी तुम्हाला सांगायला नको. ते ठरलेलं पाळलं जात नाही, याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. कर वेळेवर भरायला तयार असलेल्या म्हाताऱ्या माणसाला कर किती आणि कधीपर्यंत, एवढं त्याच्या भाषेत सांगितल्यानं कन्नडचं काही कमी होत नाही. वर कन्नड, खाली मराठी, एवढंच तर मागतोय आपण.

पण तुमचं काम आज व्हायला हवं. म्हणून अर्ज दोन प्रतींत करा : वर मराठी मजकूर, खाली दोन ओळींत कन्नड किंवा इंग्रजी सारांश. गल्लीतली कन्नड शाळेत जाणारी कुठलीही पोर पाच मिनिटांत लिहून देईल. एक प्रत द्या, दुसरीवर तारीख, सही आणि शिक्का घ्या. घेतच नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टनं पाठवा. पाकीट घ्यायला कार्यालय सहसा नाही म्हणत नाही आणि पोच तुमच्याकडं राहते.

घरजागेच्या खात्याचा उतारा, उत्पन्नाचा दाखला अशी कामं असतील तर 'सकाल' या कर्नाटक सरकारच्या सेवा-हमी योजनेचा पंधरा आकडी क्रमांक मागून घ्या. कर्नाटकात २०११ च्या कायद्यानं या सेवांना दिवस ठरवून दिले आहेत. उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. रक्कम मोठी नाही, पण क्रमांक दिला की तुमचा अर्ज कुणाच्या टेबलावर अडलाय ते दिसतं. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र मराठीत टाकू नका. तिथं इंग्रजी, हिंदी किंवा राज्याची भाषा असं कायद्यातच म्हटलं आहे.

आणि नातवंडांना कन्नड वाचायला शिकू द्या. मी काउंटरवर बसून शिकले. माझं मराठी तसूभरही कमी झालं नाही, उलट कुणी मला कागद वाचता येत नाही म्हणून फसवू शकलं नाही. एप्रिलमध्ये भरलं तर पाच टक्के सूट आणि नंतर थकलं तर व्याज, हे दर वर्षीचं आहे. नोटीस येवो न येवो, मार्च संपला की स्वतः जाऊन चौकशी करा.

"मी बेळगावची लेक, सासर कागल. आधारकार्ड महाराष्ट्राचं. माहेरी येताना कर्नाटकच्या बसमध्ये कंडक्टर पूर्ण तिकीट लावतो, शेजारच्या बाईला फुकट. हा अन्याय नाही का?"
— एक वाचक, कागल

कंडक्टरची चूक नाही. ११ जून २०२३ पासूनची मोफत बसप्रवासाची शक्ती योजना कर्नाटकात राहणाऱ्या महिलांसाठी आहे, पुरावा तिथला लागतो. महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पण तेही हद्दीपर्यंतच, पुढचं पूर्ण. लेकी-सुना रोज या हद्दीवरून ये-जा करतात, त्यांच्यासाठी दोन्ही सरकारांनी बसून काहीतरी ठरवावं, असं मला मनापासून वाटतं. तोवर कंडक्टरशी वाद घालू नका.

"क्रेडिट सोसायटीत निवृत्तीचे पैसे ठेवले. मुदत संपून गेली, रोज उद्या या म्हणतात. रिझर्व्ह बँकेला पत्र पाठवू का?"
— निवृत्त कर्मचारी, चिकोडी तालुका

पत्र पाठवून हाती काही लागणार नाही. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आणि पाच लाखांचा ठेव विमा बँकांसाठी आहे, सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. पाटीवर कितीही मोठं नाव असलं, आत संगमरवर असला तरी हे बदलत नाही. एक टक्का व्याज जादा मिळतं म्हणून आयुष्याची पुंजी तिथं ठेवणारी माणसं बघून माझा जीव तुटतो.

ठेव पावतीवर संस्था कुठल्या कायद्याखाली नोंदली आहे ते बघा. १९५९ चा कर्नाटक सहकारी संस्था कायदा किंवा १९९७ चा सौहार्द सहकारी कायदा असेल तर राज्याच्या सहकार खात्याकडं जायचं. मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत काम करणारी संस्था असेल तर २००२ चा केंद्राचा कायदा. त्यात २०२३ च्या दुरुस्तीनं सभासदांच्या ठेवींच्या तक्रारींसाठी सहकार लोकपाल आणला आहे आणि त्यानं तीन महिन्यांत निकाल द्यायचा आहे. शिवाय ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. सहकार कायद्यात वेगळी सोय असली तरी सभासद ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या एका पतसंस्थेच्या खटल्यात २००३ सालीच सांगितलं आहे.

सोमवारी सोसायटीत जाताना लेखी मागणीपत्र न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. "पावती जमा करा, नवी देतो" म्हणाले तर देऊ नका. मुदत वाढवल्याच्या कुठल्याही कागदावर सही करू नका. तुमच्यासारखे आणखी ठेवीदार असतीलच. त्यांनीही आपापल्या नावानं वेगळे अर्ज द्यावेत. पावतीवरचा नोंदणी क्रमांक आणि कायद्याचं नाव मला कळवा, पुढचा अर्ज कुणाच्या नावे करायचा ते मी लिहून पाठवते.