चिठ्ठीत काय लिहिलंत, ताई?

पत्र थोडक्यात असं : ‘मी ४४ वर्षांची, श्रीरामपूरला राहते. चार महिन्यांपासून डाव्या स्तनात बोराएवढी गाठ हाताला लागते. दुखत नाही. रोज पहाटे प्रार्थना करते, शुक्रवारी उपास धरते, प्रार्थनेचं तेलही चोळते. मंडळीत (चर्चमध्ये) प्रार्थनेसाठी विशेष विनंतीची चिठ्ठी दिली आहे. परवा पाळकसाहेबांनी “भिऊ नकोस, विश्वास मात्र धर” यावर संदेश दिला आणि मला फार अपराधी वाटलं, कारण माझी भीती जातच नाही. मोठ्या जाऊबाई दवाखान्यात सिस्टर आहेत, पण त्या रागावतील. मिस्टरांना बीपी आहे, त्यांना कळू द्यायचं नाही. मी रक्तस्रावी स्त्रीसारखी गुपचूप प्रभूच्या वस्त्राला धरून आहे. विश्वास वाढवून धैर्य कसं मिळवू?’

ताई, सप्रेम सलाम.

भीतीवर तुम्ही दीड पान लिहिलंत आणि चिठ्ठीवर एक ओळ. मला ती ओळच खटकली. चिठ्ठीत ‘विशेष विनंती’ एवढंच लिहिलंत ना? म्हणजे रविवारी कुणाच्या मुलाची बारावी, कुणाच्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि शेवटी ‘एका भगिनीची विशेष विनंती’. सगळी मंडळी आमेन म्हणते आणि त्या छपराखाली एकाही माणसाला तुमच्या गाठीचा पत्ता नसतो. देवाला माहीत आहे, असं म्हणाल. देवाला चिठ्ठीच्या आधीपासून माहीत होतं. चिठ्ठी माणसांसाठी असते.

रक्तस्रावी स्त्रीचं नाव तुम्हीच काढलंत, तर बायबलमधला मार्काचा पाचवा अध्याय उघडा आणि वस्त्राच्या पुढे वाचा. बारा वर्षांचं दुखणं. पैसा वैद्यांवर संपलेला. मागून येऊन शिवली आणि तिथल्या तिथे बरी झाली. गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. तिकडे ज्याच्या घरी येशू निघाला होता, त्या याईराची मुलगी मरायला टेकलेली, एकेक क्षण मोलाचा, तरी येशू भर गर्दीत थांबला आणि कोण शिवलं म्हणून विचारत राहिला. तिने पुढे येऊन सगळं सांगेपर्यंत हलला नाही. गुपचूप बरं होऊन घरी जाणं त्याने चालू दिलं नाही, ताई. तुम्ही मात्र तिची अर्धीच गोष्ट उचललीत.

आता तुमची ती भीती. ३३वी ओवी बघा : ती भीत भीत, थरथरत आली. बरी झालेली होती, तरी कापत होती! आणि लगेच पुढच्या ओवीत येशू तिला मुली म्हणतो, तिच्या विश्वासाने तिला बरं केलं असं सांगतो. थरथरत्या बाईला. भीती गेल्यावर ये, असं म्हणाला नाही. पाळकसाहेबांची ओवी त्याच अध्यायात आहे, ३६वी. ती याईराला उद्देशून आहे, आणि याईर आधीच सगळ्यांदेखत पाया पडून पोरीला काय झालंय ते सांगून मोकळा झाला होता. संदेश देताना हे कुणी सांगत नाही, त्यामुळे तुमच्यासारख्या बायका भीतीलाच पाप समजून बसतात. तेव्हा भीती घालवायची प्रार्थना आता पुरे. भीती राहू दे तिथेच.

तेलाचंही तेच. याकोबाच्या पत्रातल्या ५:१४ प्रमाणे दुखणाइताने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवायचं असतं, तेल त्यांनी लावायचं असतं. बोलवायचं म्हणजे तोंड उघडायचं. दार लावून एकटीने चोळणं त्यात बसत नाही. शिवाय चोळून गाठ विरत नाही. चोळणं आजपासून बंद.

दुखत नाही म्हणून थांबलात, ही खरी चूक. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. बऱ्याच गाठी साध्या निघतात हेही खरं, पण साधी की कशी, हे हाताने कळत नाही.

जाऊबाईंना आज फोन करायचा. एवढंच वाक्य : ‘डाव्या स्तनात चार महिन्यांपासून गाठ आहे, मला सर्जनकडे घेऊन चला.’ रडू आलं तर वाक्य पुरं करून रडा. त्या रागावतील, रागावू द्या. सोबत आधार आणि रेशनकार्ड न्या; कर्करोगाचे उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहेत आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र कागदपत्रं बघतो. आई, बहीण, मावशी, आणि वडिलांकडच्या आत्यांपैकी कुणाला असं काही झालं होतं का, ते आठवून ठेवा. आत्या हटकून विसरल्या जातात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. मॅमोग्राफीच्या (स्तनाच्या एक्स-रेच्या) दिवशी काखेत पावडर किंवा डिओ नको, त्याचे कण फिल्मवर पांढरे ठिपके दिसतात. साडी नसली तरी चालेल, पण वरचा कपडा वेगळा निघेल असा घाला. स्तन दाबला जातो, काही सेकंद दुखतं. सोनोग्राफीही होईल, आणि गरज पडली तर तेवढ्याच जागेला भूल देऊन सुईने तुकडा काढतील. सुई लावली की पसरतं, असं बायका सांगतील. त्यात तथ्य नाही. पसरतं ते थांबल्याने. लहान असताना सापडलं तर पुष्कळदा पूर्ण स्तन काढावा लागत नाही.

मिस्टरांच्या बीपीला गोळी आहे. त्यांना तपासणीच्या आदल्या रात्री जेवण झाल्यावर सांगा, जाऊबाई समोर असताना.

पुढच्या रविवारच्या चिठ्ठीत ‘तपासणी आहे, सोबत प्रार्थना हवी’ एवढं तरी लिहा. गाठ कुठे, ते अख्ख्या मंडळीला कळायची गरज नाही, पाळकबाईंना कळू द्या. आणि जाऊबाईंची रात्रपाळी असेल तर त्या आत्ता झोपलेल्या असतील. उठवा.